.३०३ची पुंगळी तिसऱ्या फैरीतच तुटते: रिसाइज किती करायचं, फायर फॉर्म कसं करायचं?

लेथवाला_ओहायो
नमस्कार मंडळी.
काडतुसं घरीच पुन्हा भरतो (रीलोडिंग). रायफल ली-एनफिल्ड नं. ४, .३०३ ब्रिटिश. पुंगळ्या (काडतुसाची पितळी नळकांडी) नव्या, एकाच खोक्यातल्या ५०. डाय (उडवलेली पुंगळी दाबून परत मापात आणणारा, म्हणजे रिसाइज करणारा साचा) फुल लेंथ, म्हणजे अख्खी पुंगळी दाबणारी; सोबतच्या कागदात लिहिल्याप्रमाणे शेल होल्डरला (प्रेसमध्ये पुंगळीचा तळ धरणारी खोबण) टेकवून आणखी पाव फेरा खाली. लोड (पावडरीचं प्रमाण) छापील मॅन्युअलमधला, मधल्या पट्टीतला.
तिसऱ्या फैरीनंतर सात पुंगळ्यांवर तळाच्या वर चकचकीत कडं आलं. दोन तर सरळ तुटल्या आणि पुढचा तुकडा चेंबरातच (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या पोकळीत) राहिला.
मोजमापं (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग): उडवलेली पुंगळी तळापासून खांद्यापर्यंत (मानेकडे निमुळती होते त्या उतारापर्यंत) नव्या पुंगळीपेक्षा २२ थाऊ लांब. रिमची (तळाच्या बाहेर आलेल्या कडेची) जाडी ६०. रायफलचं रिमवरचं हेडस्पेस (बंद बोल्टपासून रिम अडते तिथपर्यंतची जागा) ६९, म्हणजे ६४चा गो गेज (किमान जागा तपासायचं माप) बसतो आणि ७४च्या गेजवर बोल्ट बंद होत नाही.
माझं मत असं की पितळ हलकं आहे, आणि बोल्ट हेड (बोल्टचं बदलता येणारं पुढचं तोंड) एक नंबर मोठं लावलं की भागेल. पटतंय का?

कासार
नाही पटत. पितळाला उगाच दोष देताय. डाय टेकवून पाव फेरा, इथेच घोडं पेंड खातंय.

नाना_टेक्सास
कासारांशी सहमत, पण कारण नीट सांगायला हवं. नाहीतर पुढचा माणूस डाय वर घेईल आणि बोल्ट बंद होईना म्हणून नवा धागा काढेल.

.३०३ हे रिमचं काडतूस. कागदोपत्री ते रिमवर टेकतं, खांद्यावर नाही. युद्धकाळात चेंबर मुद्दाम सैल ठेवलेले असायचे, चिखल गेला तरी काडतूस आत जावं म्हणून. त्यामुळे खांद्याच्या पुढे मोकळी जागा भरपूर. सैन्याला त्याचं काहीच नव्हतं, पुंगळी एकदाच वापरायची. आपण तीच दहा वेळा वापरायला बघतो.

फैर झडली की पुंगळीचा पुढचा पातळ भाग फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतो. मागचा तळ जाड असतो, तो चिकटत नाही. दाबाने तो मागे सरकतो आणि बोल्टला जाऊन टेकतो. पुढचा भाग धरलेला, मागचा सरकलेला, मग ताण येतो तो जाड तळ जिथे पातळ भिंतीला मिळतो तिथे. कडं बरोबर तिथेच दिसतं, तळापासून दोन-तीन सूत वर. एनफिल्डचे बोल्टचे लग (बोल्ट अडकवून धरणारे खुंट) मागच्या बाजूला आहेत, त्यामुळे दाबाखाली बोल्ट आणि बॉडी दोन्ही थोडे लवतात. तेवढी भर आणखी.

लेथवाला_ओहायो
म्हणजे प्रत्येक फैरीत २२ थाऊ ताण? मग तिसऱ्या फैरीपर्यंत टिकल्या हेच खूप!

नाना_टेक्सास
हो, २२ थाऊ ताणली जाते. डायने परत २२ ढकलता, पुन्हा ताणली जाते.

कासार
नाना, इथे थोडं चुकतंय. २२ सगळे तळाजवळच्या ताणाचे नाहीत.
पुंगळी पुढे जाऊन जाऊन कुठवर जाईल? रिम अडेपर्यंत. रिम ६०, जागा ६९. म्हणजे तळ आणि बोल्ट यांच्यात जास्तीत जास्त ९ थाऊ. तळ मागे सरकतो तो एवढाच, आणि पुंगळी तोडणारा ताण हाच. उरलेले १३ थाऊ म्हणजे खांदा पुढे फुगतो. ते पितळ मान, खांदा आणि वरच्या भिंतीतून येतं. तेही फुकट नाही, पण त्याने तळाजवळ भेग पडत नाही.
प्रत्येक वेळी ९ थाऊ एकाच जागी ताणले की तीन-चार फैरींत भिंत कागदासारखी होते. लेथवाल्यांचा आकडा बरोबर जुळतो.

नाना_टेक्सास
मान्य. बेरीज एकत्र करून बसलो होतो.

डाव्या_हाताचा
बोल्ट हेडचं काय मग? नं. ४ला ०, १, २, ३ असे आकडे असतात ना?

कासार
असतात. एका नंबरचा फरक नावापुरता तीन थाऊ. ९चे ६ होतील. रोग तोच, जरा सावकाश. शिवाय आकड्यावर विसंबू नका. १ कोरलेलं हेड २ कोरलेल्यापेक्षा लांब निघू शकतं, मायक्रोमीटर लावा. आणि मुळात ६९ हे ६४ ते ७४च्या मधलं आहे, रायफल ठणठणीत आहे. तिला हात लावायचं कारण नाही.

नं. १ मार्क ३ असेल तर हेडवर नंबरच नसतात, तिथे दहा हेडं मोजून एक निवडायचं. तो उद्योग वेगळा.

मूढमती
मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय. खांदा, मान, तळ, ताण... आधी वाटलं फिजिओथेरपीचा धागा आहे.

स्वाती_आर
मूढमती :D

आता उपाय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. पहिली फैर (फायर फॉर्मिंग, म्हणजे उडवून पुंगळीला चेंबरचा आकार देणं) आणि त्यानंतरचं रिसाइजिंग.

पहिल्या फैरीला नवी पुंगळी आखूडच असणार, पण तळ बोल्टला टेकलेला ठेवता आला तर ते ९ थाऊ शून्य होतात. सोपी युक्ती ओ-रिंगची. रबरी ओ-रिंग पुंगळीवर चढवून रिमच्या अगदी पुढे बसवायची. बोल्ट बंद करताना ती रिम आणि बॅरलच्या मागच्या तोंडामध्ये चेपते आणि काडतुसाला मागे दाबून धरते. आतला व्यास पुंगळीपेक्षा किंचित लहान हवा, म्हणजे जागेवरून हलत नाही. जाडी एवढी की बोल्टचं हँडल शेवटच्या टप्प्यात अंगठ्याला जाणवेल इतपत अडावं. ठोकून बंद करावा लागला तर रिंग जाड आहे, काहीच जाणवलं नाही तर पातळ आहे.

दुसरा फायदा असा की पुंगळी चेंबरच्या मधोमध राहते. एरवी ती खालच्या बाजूला लोळलेली असते आणि सगळी फुगवटी वरच्या एका अंगाला येते. .३०३च्या तळाशी व्यास जास्तीत जास्त ४६० थाऊ चालतो. बाजारातल्या काही पुंगळ्या त्याहून बऱ्याच बारीक भरतात. तळाशी एका बाजूला पोट सुटलेली पुंगळी दिसली की कारण हे.

ओ-रिंग फक्त पहिल्या फैरीपुरती. काडतुसं एकेक हाताने भरायची, मॅगझिनमधून नाही. आणि पुंगळी बाहेर आली की रिंग आली का ते बघायचं. चेंबरात राहिली तर पुढचं काडतूस नीट बसणार नाही.

पाटील_मिशिगन
रिंगेच्या फंदात कशाला पडायचं? पुंगळ्यांना हलका तेलाचा हात लावा. भिंतीला चिकटतच नाहीत, अख्खी पुंगळी मागे सरकते, ताण शून्य. वर्षानुवर्षं लोक करतात.

कासार
पाटील, हे नका पसरवू. पुंगळी भिंतीला चिकटते तेव्हा दाबाचा काही भाग भिंत घेते. तेल लावलं की तो सगळा बोल्टवर येतो. इंग्रजांच्या प्रूफ (रायफलची मजबुती तपासायच्या) चाचणीत एक फैर तेल लावलेल्या काडतुसाची असे, ती याचसाठी: बोल्टवर मुद्दाम जास्त भार टाकायचा. मागे लग असलेल्या, सत्तर-ऐंशी वर्षं जुन्या रायफलला रोज प्रूफ कशाला करायचं?

पाटील_मिशिगन
समोर लग असलेल्या मजबूत बोल्टमध्ये, मधल्या लोडला, एकदाच. एवढं तर चालतं की.

कासार
तिथे वाद घालता येईल. एनफिल्डमध्ये नाही.

स्वाती_आर
रिसाइज करताना लावलेलं वंगणसुद्धा पुसूनच काडतूस चेंबरात जायला हवं. कारण तेच.

डाव्या_हाताचा
फायर फॉर्मिंगला लोड अगदी हलका घ्यावा ना? पितळाला त्रास नको म्हणून.

नाना_टेक्सास
उलटं आहे. हलक्या लोडने पुंगळी नीट भरतच नाही, खांद्याची धार गोल राहते. रिम नसलेल्या काडतुसात, .३०-०६ समजा, आणखी गंमत. फायरिंग पिनचा फटका पुंगळीला पुढे ढकलतो, खांदा चेंबरवर आपटून किंचित मागे दबतो, पुढचा भाग चिकटतो आणि दाब कमी असल्याने तळ मागे येतच नाही. प्रायमर (तळातली ठिणगी देणारी टोपी) मात्र मागे येऊन बाहेर डोकावतो. म्हणजे पुंगळी फुगायच्या ऐवजी आखूड होते! उडवलेल्या पुंगळीचा प्रायमर तळाच्या वर आलेला दिसला की समजायचं: दाब कमी आणि जागा जास्त.
छापील मॅन्युअलमधला मधला लोड घ्या. किमान नको, कमाल तर नकोच.

लेथवाला_ओहायो
म्हणूनच उडवलेली पुंगळी मोजायच्या आधी प्रायमर काढायचा का? माझं माप त्यामुळे तर चुकलं नाही?

नाना_टेक्सास
बरोबर. आधी डिप्रायम करा, मग कंपॅरेटर (खांद्यापर्यंतची लांबी मोजायचं साधन) लावा. नाहीतर खांद्याऐवजी प्रायमरची उंची मोजत बसाल. आणि एक नाही, पाच पुंगळ्या मोजा.

स्वाती_आर
आता रिसाइजिंग. पहिल्या फैरीनंतर रिम विसरून जायची. .३०३ला खांद्यावर टेकणारं काडतूस समजायचं, सगळी मेख इथेच आहे. खांदा चेंबरच्या खांद्यापासून एक-दोन थाऊच मागे ठेवला की तळ आपोआप बोल्टला टेकतो आणि रिमची ९ थाऊ जागा निरुपद्रवी होते.

डाय बसवण्याची रीत:

डायमधली एक्स्पांडरची (मान आतून फुगवणारी) दांडी पूर्ण काढून ठेवा, तिने माप बिघडतं. डाय शेल होल्डरपासून एक पूर्ण फेरा वर घ्या. डायचे आटे इंचाला १४, म्हणजे एक फेरा ७१ थाऊ, एक अष्टमांश फेरा ९, एक षोडशांश साडेचार. (लेथवाल्यांचा पाव फेरा कुठे जातो? प्रेस लवते ती जागा भरून काढायला. शेल होल्डर डायला टेकल्यावर त्याहून खाली काहीच जात नाही.)

वंगण लावलेली उडवलेली पुंगळी घाला, काढा, पुसा, मोजा. डाय एक षोडशांश खाली. पुन्हा तेच. माप आधी वाढेल. इथे बरेच जण घाबरतात. डाय अंगाला दाबते पण खांद्याला अजून लागलेली नसते, मग दाबलेलं पितळ वरच्या बाजूला जातं आणि खांदा दोन-चार थाऊ पुढे येतो. या अवस्थेतली पुंगळी न दाबलेल्या पुंगळीपेक्षाही घट्ट बसते. डाय आणखी खाली आली की माप थांबेल, मग कमी व्हायला लागेल. उडवलेल्या मापापेक्षा एक ते दोन थाऊ कमी झालं की थांबा. शेवटचे तीन-चार थाऊ एक षोडशांशाने नाही, अगदी केसभर फिरवत. मग पुंगळी डायमध्ये दाबलेली असतानाच लॉक रिंग आवळा, म्हणजे डाय आट्यांत सरळ बसते.

कासार
सुंदर. एक पुरवणी: पहिल्या एका फैरीत पुंगळी चेंबरभर होतेच असं नाही. दोन-तीन फैरी फक्त मान रिसाइज करून काढा, बोल्ट किंचित जड लागायला लागला की ते तुमच्या चेंबरचं खरं माप. त्यावरून दोन थाऊ कमी करा.

डाव्या_हाताचा
मग कायमच फक्त मान का करू नये? नेक डाय आहे माझ्याकडे.

कासार
चार-पाच फैरींनी अंगही वाढतं, बोल्ट जड होतो आणि मग फुल लेंथ करावंच लागतं. दर वेळी वेगळं करण्यापेक्षा दर वेळी सारखं, दोन थाऊचं फुल लेंथ केलेलं बरं.

पाटील_मिशिगन
एनफिल्डपुरता मी नेक डायच्याच बाजूने आहे. बोल्टचं तोंड काटकोनात नसतं बऱ्याचदा, पुंगळीही तशीच तिरपी घडते. रिमवर एक खूण करून ती नेहमी वर ठेवून भरली तर त्याच आकारात त्याच जागी बसते. फुल लेंथने हे सगळं पुसलं जातं.

कासार
खूण वर ठेवून भरणं टार्गेटवर ठीक आहे. बाकी यावर आपलं एकमत होणार नाही, राहू द्या.

मूढमती
या धाग्यावर पहिल्यांदाच कोणी "राहू द्या" म्हणालं. वाचनखूण साठवली.

सेमीऑटो_सुहास
एक इशारा. हे एक-दोन थाऊचं गणित बोल्ट अॅक्शनपुरतं (हाताने बोल्ट चालवायच्या रायफली). सेमीऑटोत, म्हणजे आपोआप भरणाऱ्या .२२३ किंवा एम १ गॅरंडमध्ये खांदा तीन-चार थाऊ मागे हवा, आणि फक्त मान रिसाइज करणं अजिबात नको. तिथे बोल्ट बंद करायला तुमचा हात नसतो. घट्ट पुंगळी अर्ध्यात अडली आणि गॅरंडची मोकळी फायरिंग पिन पुढे आपटली तर बोल्ट पूर्ण लॉक व्हायच्या आधी फैर होऊ शकते. प्रायमरही तळाच्या पातळीच्या जरा खालीच बसलेला हवा. बोटाने चाचपून बघा, प्रत्येक.

लेथवाला_ओहायो
शंका: बोल्ट "जड लागतो" हे एनफिल्डमध्ये कळणार कसं? बंद करताना स्प्रिंगच दाबावी लागते.

स्वाती_आर
चांगला प्रश्न. एनफिल्ड बंद करताना कॉक होते, त्यामुळे दोन-तीन थाऊचा अटकाव स्प्रिंगमध्ये बुडून जातो. ट्रिगर दाबून धरून बोल्ट बंद करा, म्हणजे सिअर (फायरिंग पिन अडवून धरणारा खटका) पकडत नाही आणि स्प्रिंग आड येत नाही. फक्त रिकाम्या, प्रायमर नसलेल्या पुंगळीवर. बाकडं रिकामं करा, काडतुसांची पेटी दुसऱ्या खोलीत ठेवा, मगच हे.

खडकीकर
इकडून एक शंका आणि एक सूचना. सूचना आधी: भारतात कोणी हे वाचून हुरळून जाऊ नका. शस्त्र कायदा १९५९च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करायला परवाना लागतो. बंदुकीचा परवाना म्हणजे काडतुसं भरायचा परवाना नव्हे.
शंका: तिकडे सरप्लसमध्ये के एफ शिक्क्याची .३०३ मिळतात ना? ती आमच्या खडकीची. किर्की फॅक्टरी. त्यांच्या पुंगळ्या वापरता येतात का?

नाना_टेक्सास
खडकीकर, शिक्का ओळखीचा आहे, पण जुनी सैनिकी .३०३ बहुतेक बर्डन प्रायमरची. तळात मधोमध एक भोक नसतं, बाजूला दोन बारीक असतात आणि ऐरण पुंगळीतच घडवलेली. नेहमीच्या डायची डिकॅपिंग (जुना प्रायमर ढकलून काढणारी) पिन त्या ऐरणीवर आपटून मोडते. वर प्रायमर गंजवणारा, म्हणजे गरम पाण्याने धुणं आलं. कपाटात शोभेला ठेवा.
अमेरिकेत स्वतःपुरतं रीलोडिंग करायला संघराज्याचा परवाना लागत नाही, विकायचं असेल तर प्रकार ०६ लागतो. राज्याचे नियम आपापले बघावेत.

तांबट
अनीलिंगचा (पितळ तापवून नरम करण्याचा) विषय कसा निघाला नाही अजून? मान दर वेळी दाबली, फुगवली, दाबली की पितळ कडक होतं. कडक पितळ जास्त उसळतं, मग त्याच डायमधून काही पुंगळ्यांचा खांदा दोन थाऊ मागे जातो, काहींचा शून्य. लोक डायला शिव्या घालतात. शेवटी मानेला उभी चीर जाते.

पुण्यात कसब्यात तांबट आळीत मठारकाम बघितलं असेल. ठोक्या-ठोक्याने भांडं कडक होत जातं, म्हणून घडवताना अधूनमधून भट्टीत लाल करून घेतात. आपली डाय म्हणजे एकच मोठा ठोका. फरक एवढाच की भांडं अख्खं तापवतात, पुंगळी अख्खी तापवायची नाही. फक्त मान आणि खांदा. तळ नरम झाला तर तो दाब पेलणार नाही, ती पुंगळी मग भंगारात.

रीत: पुंगळी खोल सॉकेटमध्ये उभी, सॉकेट ड्रिलवर सावकाश फिरतंय, प्रोपेनच्या ज्योतीचं निळं टोक मान-खांद्याच्या सांध्यावर. सहा ते आठ सेकंद, पण आपल्या टॉर्चवर ठरवा. मानेच्या आत ४०० अंश सेल्सिअसला वितळणारा टेम्पिलॅक (तापमान दाखवणारा रंग) लावून दोन-चार टाकाऊ पुंगळ्यांवर वेळ पक्की करा. अंधाऱ्या खोलीत लालीची पहिली चाहूल लागली की बाहेर. नारिंगी झाली तर जास्त झालं.

डाव्या_हाताचा
आणि लगेच पाण्यात, नाहीतर नरम होत नाही. बरोबर?

तांबट
हा गैरसमज लोखंडाकडून आलाय. पोलाद पाण्यात टाकलं की कडक होतं, पितळाला पाण्याने काहीच होत नाही, ना कडक ना नरम. पाणी फक्त उष्णता तळाकडे जाऊ नये म्हणून. ओल्या टॉवेलवर टाकली तरी चालतं. पाण्यात टाकलीत तर मग वाळवत बसा.

पाटील_मिशिगन
किती फैरींनी? प्रत्येक वेळी करणारे पण पाहिलेत.

तांबट
टार्गेटवाले दर फैरीला. .३०३ला तीन-चार फैरींनी पुरे. पण लक्षात घ्या, अनीलिंगने मानेची चीर थांबते, तळाजवळचं कडं नाही. लेथवाल्यांचं दुखणं दुसरं आहे.

अॅकलीप्रेमी
धागा हायजॅक करतो, माफी असावी. .३०-०६चं अॅकली इम्प्रूव्हड (तेच काडतूस, पण खांदा जास्त उभा आणि अंग फुगवलेलं) करायचंय. साध्या पुंगळ्या उडवल्या की ४० अंशाचा खांदा होतो, एवढं माहीत आहे. काय चुकू शकतं?

नाना_टेक्सास
सगळ्यात मोठी चूक गनस्मिथकडे होते. बॅरल एक आटा मागे न घेता नुसता रीमर (चेंबर कापायचं हत्यार) फिरवला तर साधी पुंगळी चेंबरात सैल राहते आणि पहिल्याच फैरीत ताणली जाते. नीट कापलेल्या अॅकली चेंबरचं हेडस्पेस मूळ काडतुसापेक्षा चार थाऊ कमी असतं. साधं काडतूस मान-खांद्याच्या सांध्यावर किंचित चेपूनच बसलं पाहिजे. तपासायला सोपं: मूळ .३०-०६चा गो गेज अॅकलीत नो-गो म्हणून चालतो. त्यावर बोल्ट बंद झाला तर रायफल परत न्या.
आणि पुंगळ्या आधी ट्रिम करू नका. अंग फुगायला पितळ लांबीतून जातं, पुंगळी आखूड होते. फॉर्म झाल्यावरच ट्रिम.

कासार
चेंबर सैलच असेल, किंवा खांदा बराच पुढे न्यायचा असेल (६ बीआर काडतुसाचं डॅशर काडतूस करणारे १०० थाऊच्या आसपास नेतात), तर खोटा खांदा. मान एक माप मोठ्या एक्स्पांडरने फुगवायची, मग आपल्या कॅलिबरच्या डायने वरून थोडी थोडी खाली दाबत यायची. मानेच्या बुडाशी एक पायरी उरते. बोल्ट त्या पायरीवर जाणवेल इतपत अडून बंद व्हायला लागला की थांबायचं. आता पायरी पुंगळीला मागे धरते. .३०३लाही हे चालतं, ज्यांना ओ-रिंग नको त्यांच्यासाठी. मान फुगवायच्या आधी अनील केलं तर चिरा कमी.

मूढमती
गोळीशिवाय, रवा भरून फायर फॉर्म करतात असं वाचलं. खरं का? जाड रवा की बारीक?

स्वाती_आर
खरं आहे. जलद जळणारी पिस्तुलाची पावडर थोडी, वर रव्यासारखं धान्य, तोंडाला मेणाची किंवा कागदाची गुडदी. गोळीचा आणि बॅरलचा खर्च वाचतो. पण खांद्याची धार गोळीने येते तशी येत नाही, रवा दमट असला तर गठ्ठा होतो, आणि पावडरचं प्रमाण अंदाजाने ठरवायचं काम नाही. प्रत्येक काडतुसाला वेगळं. ५० पुंगळ्यांसाठी हा खटाटोप करू नये. आणि "गोळी नाही" म्हणून नळी कुठेही रोखायची नाही, जवळून तो रवाही जखम करतो.

मूढमती
म्हणजे उपमाच करावा.

खडकीकर
आधी रवा भाजून घ्या, दमट राहणार नाही :)

पाटील_मिशिगन
पुंगळी डायमध्ये अडकली तर? गेल्या पानावर कोणी विचारलं नाही, पण विचारतील.

तांबट
वंगण कमी पडलं की अडकते, रिम उपटून येते. तळाला भोक पाडून पाव इंची आटे पाडायचे, वरून वॉशर आणि बोल्ट लावून खेचायची. वंगण जास्त झालं तर खांद्यावर खळगे पडतात, त्यांची काळजी नको, पुढच्या फैरीत निघून जातात. लॅनोलिन एक भाग, ९९ टक्के आयसोप्रोपिल दहा-बारा भाग, फवारून अल्कोहोल पूर्ण उडू द्या. ओली असताना दाबली की अडकलीच. मानेच्या आतही वंगण हवं, नाहीतर एक्स्पांडर वर येताना खांदा पुढे ओढतो आणि तुमचे दोन थाऊ गायब.

लेथवाला_ओहायो
मंडळी, मनापासून आभार. उरलेल्या ४८ पुंगळ्यांचं काय करू? कडं नसलेल्या वापरू का?

कासार
कडं बाहेर दिसतं तेव्हा आतली खाच आधीच झालेली असते. जाड यू-पिन सरळ करा, टोक दोन मिलिमीटर काटकोनात वाकवून कानशीने टोकदार करा. आत घालून भिंतीला लावून तळापासून वर ओढा. दोन-तीन सूत वर टोक खाचेत अडकलं की ती पुंगळी बाद. खात्री नसेल तर संशयित एक हॅक्सॉने उभी कापा, खाच डोळ्यांनी दिसेल, मग हाताला ओळखता येते. बाद पुंगळ्यांची तोंडं पकडीने चेपून ठेवा, चुकून परत डब्यात जात नाहीत.
तीनदा ताणलेल्या ४८पैकी थोड्याच वाचतील. नव्या ५० घ्या आणि पहिल्यापासून ओ-रिंगने सुरू करा.

स्वाती_आर
आणि पुढचा तुकडा चेंबरात अडकण्याची वेळ पुन्हा आली तर .३०३चा तुटक्या पुंगळीचा एक्स्ट्रॅक्टर जवळ असू द्या. पुढच्या काडतुसाने ढकलून किंवा स्क्रूड्रायव्हरने उकरून काढू नका, चेंबरवर ओरखडा पडला की प्रत्येक पुंगळी तिथे अडकेल. लांबी पण बघत चला: कमाल २.२२२ इंच, ट्रिम २.२१२ला.

लेथवाला_ओहायो
यू-पिन फिरवली. ४८पैकी ३१ अडकल्या. एक कापली, खाच नखालासुद्धा लागते. उरलेल्या १७वर स्वातीताईंच्या रीतीने डाय लावून पाहिली: माप आधी ३ थाऊ वाढलं, मग उतरायला लागलं. उडवलेल्यापेक्षा दोन थाऊ कमी होतंय तिथे डाय शेल होल्डरपासून चांगलीच वर आहे, मधून उजेड दिसतो.

कासार
उजेड दिसायलाच हवा. शेल होल्डर त्याच सेटिंगला त्याच डायबरोबर ठेवा, दुसऱ्या कंपनीचा लावलात तर खोली दोन-तीन थाऊने वेगळी निघते आणि सगळं परत करावं लागतं.